सहकुटुंब सहपरिवार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपल्यावर एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकास दोन शब्द बोलावयास सांगावे, अशी आपल्या संमेलनाची प्रथा आहे. त्या शिक्षकाने अभ्यासाचे महत्त्व, वडीलधाऱ्यांचा मान आणि मोबाइलचे दुष्परिणाम या तीन विषयांवर बोलून वीस मिनिटांत खाली बसावे, अशीही प्रथा आहे. चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितलेला विषय त्यांनी दोनदा विचारून घेतला. विषय असा की, मुलाच्या वागणुकीपायी घर त्रासून गेले असता आईवडिलांनी, आणि घरात असतील तर आजीआजोबांनीही, समुपदेशकाकडे जाऊन शिकावयास प्रारंभ कसा करावा. आणि तसे करण्यास आपण इतके का कचरतो.

मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. जुन्या भाषेत सांगावयाचे तर मॅट्रिक झालेला व पुढे अध्यापनाची पदविका घेतलेला मनुष्य आहे. मुलुंडच्या एका शाळेत प्राथमिक वर्गांना ३४ वर्षे शिकविले, एवढीच माझी पुंजी. परंतु या पुंजीत एक गोष्ट अशी आहे की, जी पुष्कळ विद्वानांस मुद्दाम प्रयोग करून पाहावी लागते आणि शिक्षकाला रोज फुकट दिसते. पालकसभेच्या दिवशी एखादी आई मुलाला पुढे करून म्हणे, "सर, याला जरा दम भरा. घरी कोणाचेच ऐकत नाही." मी त्या मुलाकडे पाही. वर्गात फळा पुसणारा, खडू आणून देणारा, डबा वाटून खाणारा तोच मुलगा! याच्या उलटही होई. ज्याची वर्गात रोज तक्रार, त्याची आजी सांगे की घरी याच्यासारखा शहाणा दुसरा नाही. आणि ती खोटे बोलत नसे. मूल तेच, परंतु शाळेत एक, घरी दुसरे, मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे तिसरेच. आता दोष केवळ मुलाच्या अंगात असता, तर तो दप्तराबरोबर सगळीकडे गेला असता. तो तसा जात नाही, याचा अर्थ त्या वागणुकीचा काही भाग मुलाच्या भोवतालच्या माणसांच्या वागण्यात आहे. कुटुंबोपचार म्हणून जे शास्त्र आहे, त्याचे सारे मूळ या एका निरीक्षणात आहे, असे मला वाटते.

हे सारे परदेशी खूळ आहे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्यांनी थोडा इतिहास ऐकावा. गुन्हेगारीच्या वाटेस लागलेल्या मुलांचा अभ्यास करण्यासाठी विल्यम हीली यांनी १९०९ साली शिकागो शहरात एक संस्था काढली, आणि तेथून बालमार्गदर्शन केंद्रांची कल्पना पसरली, हे खरे. परंतु ती आपल्या मुंबईस पोहोचावयास फार काळ लागला नाही. १९३६ साली नागपाड्यास सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले, डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३७ साली, त्या विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. आपल्या देशातील ते पहिले. हेच विद्यालय १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते, आणि १९५४ पासून ते आपल्या उपनगरात, देवनारला आहे. म्हणजे ज्या गोष्टीस आपण नवे फॅड म्हणतो, ती या शहरात आपल्या आजोबांच्या तरुणपणापासून चालू आहे. आपण तिकडे फिरकलो नाही, एवढेच.

याच सुमारास मराठीतही हे काम चालू होते, आणि ते अधिक आपुलकीचे होते. भावनगरचे गिजुभाई बधेका मूळचे वकील. ते बालशिक्षणाकडे वळले आणि त्यांनी पालकांसाठी गुजरातीत एक पुस्तक लिहिले; त्याच्या नावाचाच अर्थ आईबाप होणे कठीण आहे असा होतो. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक. १९२६ साली या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' मराठीत आणली, दादरला १९३६ साली शिशुविहार काढला, आणि १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या. तेथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी जे काम केले, त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द सबंध देशाला मिळाला. मुलाला मारू नये, त्याला लालूचही दाखवू नये, त्याच्याकडे नीट पाहावे, हे त्या मध्यमवर्गीय आईबापांस कित्येक वर्षे सांगत होत्या. मला आश्चर्य वाटते ते याचे की, तो उपदेश ज्या पिढीने वाचला, तिच्याच नातवंडांना आज आपण 'दोन थोबाडीत दिल्याशिवाय सरळ होणार नाही' असे म्हणतो.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते मला फार आवडते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात डॉ. विद्यासागर नावाचे अधीक्षक होते. रुग्ण फार, सेवक थोडे. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांस तेथे येऊन राहावयास सांगितले. रुग्ण बरे होऊन लवकर घरी जाऊ लागले. आणि नातेवाईकही रुग्णाशी कसे वागावे हे शिकून जाऊ लागले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहावे, हीच पद्धत पडली. तेव्हा सहकुटुंब उपचार ही कल्पना आपल्याला नवखी नाही. लग्नपत्रिकेवर आपण 'सहकुटुंब सहपरिवार' छापतो. दवाखान्यात मात्र एकट्या मुलाला पाठवितो.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. आपल्या ज्ञातीतील एका कुटुंबाने ही वाट धरली, आणि त्यांच्या अनुमतीने मी हे सांगत आहे. उपनगराचे नाव मी सांगत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांपैकी कोणतेही समजा. कारण नाव घेतले तर चहाच्या टेबलापर्यंत पोहोचण्यापूर्वी आपल्यातील दहाजण ते घर ओळखतील. काही तपशीलही बदलले आहेत.

घरात आजीआजोबा, मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू. मुलगा सकाळी आठच्या लोकलने जाई, तो रात्री नऊला येई. सून बँकेत. नातू शाळेतून आल्यावर आजीआजोबांच्या स्वाधीन. तक्रारी अशा की, मुलगा जेवताना ताट भिरकावून देतो, अभ्यासास बसत नाही, मोबाइल काढून घेतला की जमिनीवर पडून किंचाळतो, आणि एकदा त्याने आजीच्या हातास चावा घेतला. आजोबांच्या मते सुनेने नोकरी केल्याचा हा परिणाम. सुनेच्या मते आजोबांच्या लाडाचा. मुलाच्या मते बायको व आई दोघीही कडक नाहीत याचा. आजींचे मत कोणी विचारले नव्हते.

प्रथम त्यांनी बालरोगतज्ज्ञास दाखविले, हे उत्तम केले. मुलास नीट ऐकू येते किंवा नाही, दिसते किंवा नाही, झोप पुरी होते किंवा नाही, अक्षरे ओळखताना काही विशेष अडचण आहे काय, किंवा स्वभावतःच त्याला एका जागी बसणे इतर मुलांहून अवघड जाते काय, हे आधी पाहावयास हवे. ज्या मुलास फळ्यावरचे दिसत नाही त्याला शिस्त लावण्यात अर्थ नाही. तेथे काही निघाले नाही. मग ते एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेले.

बाईंनी पहिल्या बैठकीस मुलाला बोलाविलेच नाही. चारी मोठ्यांस बोलाविले. आजोबा जाण्यास तयार होईनात. "मला काय वेड लागले आहे?" हा त्यांचा प्रश्न. अखेर 'तुमच्यावाचून मुलाची खरी माहिती कोण देणार?' असा निरोप बाईंनी पाठविला, तेव्हा ते कोट घालून गेले. बाईंनी उपदेश केला नाही, दोषही काढला नाही. त्यांनी एका कागदावर वंशवृक्षासारखा घराचा आराखडा काढला आणि विचारले, "शेवटचे भांडण झाले, ते प्रत्येकाने सुरुवातीपासून सांगा." चौघांनी चार भांडणे सांगितली. भांडण एकच होते.

मग त्यांनी एक वही दिली. तिच्यात तीन रकाने. प्रसंगाच्या आधी काय झाले. मुलाने काय केले. त्यानंतर मोठ्यांनी काय केले. दोन आठवडे फक्त लिहावयाचे, कोणी कोणाला बोलावयाचे नाही. शिक्षक या नात्याने मला ही वही फार मोलाची वाटते. आपण मुलाचे वागणे तेवढे पाहतो, म्हणजे मधला रकाना. पहिला व तिसरा रकाना आपण पाहतच नाही. दोन आठवड्यांनी वही वाचली, तेव्हा असे दिसले की, ताट भिरकावण्याच्या आधी बहुतेक वेळा दूरदर्शनचा संच चालू असे व कोणी ना कोणी 'जेव, जेव' म्हणून पाठीस लागलेले असे. आणि किंचाळण्याच्या नंतर, पाच-दहा मिनिटांत, आजोबा हळूच मोबाइल परत देत. शेजारी ऐकतील म्हणून! आता मुलाच्या बाजूने पाहा. पाच मिनिटे किंचाळावे, मोबाइल मिळतो. दहा मिनिटे किंचाळावे, खात्रीने मिळतो. आणि आजोबांच्या बाजूने पाहा. मोबाइल द्यावा, किंचाळणे थांबते. दोघांनाही त्यांच्या कृतीचे फळ तत्काळ मिळत होते. दोघेही एकमेकांना शिकवीत होते.

अमेरिकेत ऑरेगॉन येथे जेरल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने घरोघरी निरीक्षक पाठवून नेमकी हीच साखळी अभ्यासली, आणि १९८२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. मूल आरडाओरड वाढविते, मोठा माणूस धमकी वाढवितो, ज्याची शक्ती आधी संपते तो माघार घेतो, आणि जिंकणारा पुढच्या वेळी तेच हत्यार उचलतो. कोणीही वाईट नसतो. शीला आयबर्ग या बाईंनी त्याच देशात, १९७० नंतरच्या दशकात, लहान मुलांच्या आईबापांना शिकविण्याची एक युक्ती काढली. आई मुलाशी खेळत असते, शिकविणारी व्यक्ती आरशासारख्या काचेपलीकडून पाहते, आणि आईच्या कानातील यंत्रातून तिला तेथल्या तेथे सांगते की, आता हे म्हणा, आता गप्प राहा, आता त्याने ठोकळा नीट ठेवला, ते बोलून दाखवा. व्याख्यान ऐकून पोहता येत नाही, तसेच हे. हातास धरून शिकवावे लागते.

आपल्या या कुटुंबाच्या बाईंकडे असे काही यंत्र नव्हते. त्यांनी दिलेला पहिला धडा ऐकून आजोबांस हसू आले. रोज दहा मिनिटे मुलाबरोबर जमिनीवर बसावयाचे, तो खेळेल ते खेळावयाचे, आणि त्या दहा मिनिटांत एकही आज्ञा, एकही प्रश्न, एकही दुरुस्ती करावयाची नाही. सोपे वाटते ना? आज रात्री करून पाहा. 'हा कोणता रंग?', 'असे नाही, असे लाव', 'अभ्यास झाला का?' यांवाचून आपल्याला मुलाशी बोलताच येत नाही, हे तिसऱ्या मिनिटास कळते. मुलाच्या वडिलांना हे फार जड गेले. कारण ते घरी आल्यावर मुलाशी जेवढे बोलत, ते सगळे चौकशीचेच असे.

दुसरा धडा सांगण्याचा. स्वयंपाकघरातून ओरडून दहा वेळा 'चल, अभ्यासाला बस' म्हणण्याऐवजी मुलाजवळ जावे, त्याच्या नजरेच्या पातळीवर यावे, एकच गोष्ट एकदाच व थोडक्यात सांगावी, आणि तो उठेपर्यंत तेथे थांबावे. उठला तर लगेच तसे म्हणावे. 'शहाणा माझा राजा' हे मोघम झाले. 'एकदा सांगितल्याबरोबर उठलास, मला बरे वाटले' हे नेमके झाले. मुलास नेमके कळले की, ते पुन्हा करता येते. तिसरा धडा परिणामाचा. शिक्षा लहान असावी, लगेच असावी, आधी सांगितलेली असावी, आणि चौघांची एक असावी. 'महिनाभर मोबाइल बंद' ही शिक्षा दुसऱ्या दिवशी आजी मोडते. 'आज संध्याकाळचा मोबाइल नाही' ही टिकते. मार तर मुळीच नाही. शाळांतून शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. घरातून ती काढणे आपल्या हाती आहे.

येथे कोणीतरी हमखास 'श्यामची आई'चा दाखला देतो. श्यामला पोहावयास जाण्यासाठी आईने फोक मारला, म्हणून तो घडला, असे म्हणतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ते पुस्तक मी वर्गात कितीदा वाचून दाखविले आहे. त्यात मार एखाद्या रात्री येतो, माया रात्रीमागून रात्री येते. आपण नेमका फोक तेवढा उचलला.

असो. मोबाइलचा नवा नियम सुरू झाल्यावर पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी मुलगा पूर्वी कधी किंचाळला नव्हता इतका किंचाळला, तब्बल पाऊण तास. आजींच्या डोळ्यांस पाणी आले. खालच्या मजल्यावरचे शेजारी वर आले. हे असे होणार, हे बाईंनी आधीच सांगून ठेविले होते. नेहमीची किल्ली लागली नाही की मनुष्य ती अधिक जोराने फिरवितो, कुलूप बदलले आहे हे त्यास एकदम पटत नाही. ज्या घरास हे आधी सांगितलेले नसते, ते घर नेमके याच दिवशी हार खाते, आणि मुलाला नवा धडा मिळतो की पाऊण तास ओरडले म्हणजे हमखास मिळते. आजोबा त्या पाऊण तासात गॅलरीत जाऊन उभे राहिले, पण त्यांनी मोबाइल दिला नाही. माझ्या मते या सबंध हकिकतीतील सर्वांत पराक्रमी मनुष्य ते आजोबा होत.

इतके झाल्यावर मुलाचा विषय मागे पडला व दुसरेच काही पुढे आले. आणि कुटुंबोपचार ज्यास म्हणतात तो खरा येथे सुरू झाला. बाईंच्या ध्यानात आले की, बैठकीत मुलगा आपल्या वडिलांशी एकही वाक्य थेट बोलत नाही. 'बाबांना सांग', 'त्याला विचार' असे सर्व आजींमार्फत चाले. बारा वर्षांपूर्वी नोकरी बदलण्यावरून बापलेकांत जे बिनसले, ते कधी बोलून मिटविलेच नव्हते. एकाच दोन खोल्यांच्या घरात दोघे बारा वर्षे तिसऱ्या माणसामार्फत बोलत होते, आणि आजोबांनी आपली सर्व माया नातवाकडे वळविली होती. बापाने नातवास रागावले की आजोबा मध्ये पडत. त्यात नातवाचा कैवार थोडा आणि मुलावरचा जुना राग पुष्कळ. साल्व्हादोर मिनुचिन यांच्यासारख्या कुटुंबोपचारकांनी नेमके हेच दाखविले, की मोठ्यांमधील तंटा पुष्कळदा मुलाच्या अंगावरून वाहतो. बाईंनी दोघांच्या खुर्च्या समोरासमोर ठेविल्या आणि आजींस थोडा वेळ गप्प बसावयाची विनंती केली. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि ते विचारण्याचा मला अधिकारही नाही.

सहा महिने हे चालले, आधी दर आठवड्यास, नंतर पंधरवड्यास. तो मुलगा श्रावणबाळ झाला आहे असे कृपा करून समजू नका. तो हट्टी आहेच. परंतु ताट भिरकावणे थांबले, चावणे थांबले, आणि रात्री जेवताना घरात आवाज असतो तो बोलण्याचा.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. कोणाकडे जावे? मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर. औषध तो देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच करू नये. आपण गॅसदुरुस्तीस आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहतो. समुपदेशक म्हणविणाऱ्या सर्वांची तयारी सारखी नसते. तेव्हा शिक्षण कोठे झाले, मुलांबरोबर व कुटुंबांबरोबर किती वर्षे काम केले, आमच्याकडून काय अपेक्षा आहे, किती बैठकांनंतर आढावा घेणार, हे पहिल्याच भेटीत विचारावे. जो पहिल्याच दिवशी 'मूल माझ्याकडे सोडून जा, मी सरळ करून देतो' म्हणेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. खाजगी ठिकाणी एका बैठकीस हजार रुपये व त्याहून अधिकही पडतात. हे सर्वांस परवडणारे नाही. महानगरपालिकेच्या केईएम, नायर व शीव या रुग्णालयांत आणि उपनगरात कूपर रुग्णालयात मनोविकार विभाग आहेत. तेथे गर्दी असते, पण खर्च थोडा. मुलुंडकरांस एक स्टेशन पुढे ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापिलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांस शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासही विमा देण्याचे बंधन घातले आहे. तथापि रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या बैठकांचा खर्च पुष्कळ विम्यांत बसत नाही, हे आधी पाहून घ्यावे.

दोन ठिकाणी ही पद्धत चालत नाही, तेही सांगितले पाहिजे. घरात कोणी मारहाण करीत असेल, दारूपायी घर भयभीत असेल, तर सर्वांना एका खोलीत बसवून मनातले बोलावयास सांगणे धोक्याचे असते. बोलणाऱ्यास त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. तेथे आधी सुरक्षितता, मग बाकीचे. आणि मुलाने, विशेषतः दहावी-बारावीच्या मुलाने, जगण्याचा कंटाळा आला असे एकदा जरी म्हटले, तरी 'परीक्षेची नाटके' म्हणून सोडून देऊ नये, आणि वही-रकानेही करीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, तोपर्यंत त्याला एकटे ठेवू नये. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, अहोरात्र, विनामूल्य, आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक आताच लिहून घ्यावा. मी थांबतो.

लिहून झाले असल्यास, ज्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो. घाटकोपरची एक माता मला सांगत होती की, त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर चांगले बालमार्गदर्शन केंद्र आहे, पण त्या मेट्रोने अंधेरीस जातात. अंधेरीच्या एका गृहस्थांना हे सांगितले (नाव न सांगता), तर ते म्हणाले, "आम्ही घाटकोपरला जातो." २०१४ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा तिचा हा उपयोग कोणाच्या ध्यानात आला नसेल! हे दोघे कोणापासून लपत होते? सोसायटीतल्या गुजराती किंवा दाक्षिणात्य शेजाऱ्यांपासून नव्हे. त्यांस आपल्याशी सोयरीक करावयाची नाही. ते लपत होते आपल्यापासून. या सभागृहातील माणसांपासून.

आणि त्यांची भीती खोटी नाही. आपल्या ज्ञातीतील एका मुलीचे लग्न जवळजवळ ठरले होते. दहावीच्या वर्षी ती परीक्षेच्या धास्तीने जेवत नसे, म्हणून आईबापांनी तिला समुपदेशकाकडे सहा-सात वेळा नेले होते. पुढे ती उत्तम शिकली, नोकरीस लागली. ही जुनी गोष्ट कोणीतरी वरपक्षाच्या कानी घातली, आणि 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला. ज्या आईबापांनी वेळीच शहाणपण केले, त्यांस दंड झाला. ज्यांनी काहीच केले नसते, त्यांचे निभावले असते. हे असेच चालू राहिले, तर कोणता पालक आपल्या मुलास घेऊन जाईल? आपण दरवर्षी मुलांच्या शिक्षणासाठी निधी जमवितो आणि त्याच मुलांना मदत घेण्याची वाट आपल्याच कुजबुजीने बंद करितो.

आपल्या वधूवर सूचक केंद्राच्या अर्जावर 'मानसिक उपचार घेतले आहेत काय?' असा रकाना आहे. गंभीर आजार लपवून लग्न लावावे, असे मी म्हणत नाही. तो दोन कुटुंबांनी समोरासमोर, विश्वासाने सांगावयाचा विषय आहे, आणि तो न सांगणे अन्यायाचेच होय. परंतु हा रकाना आजार व समुपदेश यांत भेद करीत नाही, आणि भरलेले अर्ज कपाटात कुलुपाखाली नसून नोंदवहीत सर्वांच्या हाताखाली असतात. उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने रुग्णास दिला आहे. डॉक्टरांवर जे बंधन आहे, ते ज्ञातिमंडळास कायद्याने नसेल, पण रीतीने असावयास काय हरकत?

म्हणून अध्यक्षमहाराजांच्या अनुज्ञेने मी पुढील सूचना सभेपुढे ठेवितो. वधूवर अर्जातील तो रकाना काढून टाकावा. महिन्यातून एका रविवारी सकाळी मंडळाची वरची खोली नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञांकडून पालकवर्ग चालविण्यासाठी मोकळी ठेवावी. तेथे मुलांना आणू नये, आजीआजोबांना अवश्य आणावे. आणि शिक्षणनिधीतून गरजू कुटुंबांस पहिल्या काही बैठकांचे साहाय्य द्यावे. आपल्या स्मरणिकेत साहाय्य घेणाऱ्यांची नावे छापण्याची प्रथा आहे. ही नावे मात्र छापू नयेत, खजिनदारांपलीकडे ती कोणास कळूही नयेत. खजिनदारांनी मान हलविली, ती होकाराची आहे असे मी धरतो. आपण हिशेब उघड ठेवणारी माणसे आहोत, त्यामुळे 'रक्कम दिली, नाव नाही' अशी नोंद लेखापरीक्षकास कशी दाखवावयाची, हा प्रश्न निघेल. त्याचे उत्तर आपल्यातील सनदी लेखापाल बंधूंनी शोधावे, ते मॅट्रिक मनुष्याचे काम नव्हे.

नवे अर्ज छापावयास दिवाळीपूर्वी टाकावयाचे आहेत, असे चिटणीस सांगतात. तेव्हा पहिल्या सूचनेवर आजच हात वर करून निर्णय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. बाकीच्या दोन कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत घेतल्या तरी चालतील.